शाळेचा निरोप घरोघर कसा पोचवावा?

जून महिन्यात शाळा उघडते. फलकावर सूचना लागते, मुलांच्या हाती चिठ्ठ्या जातात, पालकसभेचा दिवस ठरतो. सभेच्या दिवशी मात्र बहुधा तीच तीच माणसे दिसतात. गावठाणात राहणारी, थोडेबहुत लिहितावाचता येणारी आणि दिवसा सवड काढू शकणारी अशी ती असतात. ज्यांच्या मुलांची हजेरी तुटक आहे, ज्यांची मुले दिवाळीनंतर एकाएकी दिसेनाशी होतात, ज्यांची मुले अद्याप पटावर आलेलीच नाहीत, ती कुटुंबे सभेला नसतात. यावरून पालकांना शिक्षणाची आस्था नाही, असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. परंतु तो काढण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. निरोप त्या घरी पोचला होता काय? आणि पोचला असल्यास त्या घराला समजेल अशा भाषेत, त्याच्या सोयीच्या वेळी व विश्वासाच्या माणसाकडून पोचला होता काय?

एकाच गावात अनेक तऱ्हांची वस्ती असते. त्या सर्वांना एकाच साधनाने गाठता येत नाही. कोणत्या कुटुंबासाठी कोणते साधन निवडावे, याचा विचार येथे बारामती व इंदापूर तालुक्यांतील, विशेषतः सुपे परिसरातील परिस्थितीच्या आधारे केला आहे.

सुप्याचा धडा

सुपे हे जुने बाजाराचे गाव. शहाजीराजांच्या जहागिरीतील परगण्याचे ठाणे म्हणून त्याचे नाव इतिहासात येते. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र या गावाच्या इतिहासातील दुसरी एक घटना अधिक बोधप्रद आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि त्यांच्या वह्या व कर्जखते जाळली. सुपे त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. पाहता पाहता हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. माणसांना इजा करण्याकडे लोकांचा कल नव्हता. त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता.

या उठावाची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव उतरले. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून सुरू झालेल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा वाढविण्यात आला. सावकार दिवाणी न्यायालयातून हुकूमनामे मिळवीत आणि त्यांच्या बळावर जमिनी जात. या सर्वांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. खत लिहिणारा एक, वाचणारा तोच, आणि त्यावर निशाणी करणारा शेतकरी निरक्षर. आपण कशाला मान्यता दिली हे त्याला न्यायालयात गेल्यावर कळे. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ मध्ये झाला व १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे कागदात काय आहे हे निरक्षराला कोणीतरी तटस्थ माणसाने समजावून सांगितले पाहिजे, हे तत्त्व कायद्यानेही मान्य केले.

शाळेचा कागद हा सावकाराचा कागद नव्हे. तथापि ज्याला वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने दोन्ही कागद सारखेच अपारदर्शक असतात. "येथे सही करा" एवढेच सांगून संमतिपत्र पुढे करणाऱ्या शिक्षकाने हे लक्षात ठेवावे. कागद वाचून दाखविणे, त्याचा अर्थ बोलीत सांगणे आणि प्रश्नाला वाव देणे हा निरोपाचाच भाग होय.

आधी वस्ती ओळखावी

साधन निवडण्यापूर्वी शाळेच्या क्षेत्रात कोण कोण राहते, याची नोंद असावी. जातींची यादी करणे हा येथे हेतू नाही. प्रत्येक वस्तीविषयी पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. लोक कोठे राहतात, घरी केव्हा सापडतात, घरात कोणती भाषा बोलतात, मुलाच्या शाळेचा निर्णय घरात कोण घेतो आणि त्यांचा विश्वास कोणावर आहे.

या भागाचे दोन चेहरे आहेत. नीरा डाव्या कालव्याखालील पट्टा बागायती, ऊसाचा. सुप्याकडील पट्टा जिरायती, पावसावर अवलंबून असणारा. एकाच तालुक्यात असूनही दोन्हीकडील कुटुंबांचे वर्ष निराळे चालते. जिरायती भागातील मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्याच सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि कोप्या घालून राहतात. एक मूल गावातून जाते तेव्हाच दुसरे गावात येते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतीय कामगारांची हिंदी बोलणारी मुलेही शाळांत दिसू लागली आहेत. याखेरीज वीटभट्टीवरील, मळ्यांतील सालगड्यांची आणि पालांवर राहणारी कुटुंबे आहेत.

या प्रत्येकाचा दिवस निराळा असतो. तोडणीकामगार पहाटे फडात जातो व अंधार पडल्यावर परततो. त्याच्यासाठी दुपारी चारची सभा ही नसल्यासारखीच. मेंढपाळाच्या घरी आजीआजोबा व शाळकरी नातू मागे राहत असतील, तर निरोप त्या आजोबांना द्यावा लागतो. दूर गेलेल्या बापाच्या नावाची चिठ्ठी तशीच पडून राहते. नोंद केली म्हणजे हे आपोआप ध्यानात येते.

साधनांचे गुणदोष

प्रत्यक्ष भेट हे सर्वांत जुने व सर्वांत भरवशाचे साधन आहे. त्यात वेळ फार जातो, म्हणून ते सर्वांसाठी वापरता येत नाही. ज्या घरापर्यंत दुसरे काहीच पोचत नाही त्या घरासाठी ते राखून ठेवावे. भेटीची रीतही महत्त्वाची असते. पारधी समाजाचे उदाहरण घ्यावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असंख्य कुटुंबांच्या जन्मावरच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु वही घेऊन दाराशी आलेला अनोळखी मनुष्य नावे विचारू लागला की मनात उठणारी भीती एका दिवसात जात नाही. अशा वस्तीवर पहिल्या भेटीला हजेरीपुस्तक नेऊ नये. वस्तीला परिचित असलेल्या व्यक्तीसमवेत जावे, बसावे, मुलांशी बोलावे. नाव लिहिण्याचा प्रसंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीचा.

दवंडी व ध्वनिक्षेपक यांचा आवाज दूरवर जातो; पण ते फक्त दिवस व वेळ सांगू शकतात, शंकेचे उत्तर देऊ शकत नाहीत. दवंडीसंबंधी आणखी एक विवेक हवा. पूर्वी हे काम वतनाच्या नावाखाली विशिष्ट जातींवर लादले जात असे. कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. शाळेने दवंडी देवविताना जुनी सक्ती नव्या रूपाने येत नाही ना, हे पाहावे. हे काम कोणाही इच्छुक व्यक्तीने करावे.

सभेसाठी जागा निवडतानाही असाच विचार हवा. देवळाच्या पारावर काही जण मोकळेपणाने येतात, काही जण येत नाहीत. शाळेची जागा सर्वांची आहे. तरीही ती वस्तीपासून दूर असेल तर सभाच वस्तीवर न्यावी. वर्षातून चार सभा असतील तर त्यांपैकी दोन वेगवेगळ्या वाड्यांवर घेतल्याने फारसा खर्च वाढत नाही, येणारी माणसे मात्र बदलतात.

भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपसारखे गट हे अलीकडचे साधन. ते जलद व स्वस्त आहे. परंतु गटात सामील असलेला क्रमांक बहुधा वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा असतो. मुलाच्या हजेरीची काळजी वाहणारी आई त्यात नसते. ज्याच्याजवळ साधा फोन आहे तो गटाबाहेर राहतो. वाचता न येणाऱ्यांसाठी लेखी मजकुराऐवजी बोललेला निरोप पाठविणे बरे. गैरहजर मुलांची नावे, कोणाची अडचण किंवा कोणाची प्रगती अशा गटावर कधीही जाहीर करू नये. चारचौघांत अपमान झालेला पालक शाळेकडे फिरकत नाही, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

यात्रा, उरूस, बाजार व पालखी ही लोकांनी स्वतःच ठरविलेली भेटीची ठिकाणे आहेत. मोरगावची माघ व भाद्रपद चतुर्थीची यात्रा, बाजाराचा दिवस, आषाढीपूर्वी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने जाणारी तुकाराम महाराजांची पालखी, या प्रसंगी लोक घराबाहेर असतात, सवडीत असतात. पालखीचा काळ शाळा उघडण्याच्या काळाला लागून येतो, हेही लक्षात घ्यावे. अशा ठिकाणी लांब भाषण कोणी ऐकत नाही. मुलांनी केलेले काम मांडून ठेवले तर मात्र लोक थांबून पाहतात.

पूर्वसूरींनी काय केले

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळी हा दंड लहान नव्हता. त्याच महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली, म्हणजे केवळ दंडावर विसंबून न राहता मुलाची अडचणही दूर केली. सक्ती आणि सोय एकत्र आल्या तरच हुकूम घरात शिरतो.

सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये झाली. त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे जलशांचा उपयोग केला. लोकांना परिचित असलेल्या तमाशाच्या घाटात त्यांनी शिक्षणाचा विषय घातला. गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व उत्तरे त्यांच्याच तोंडून काढीत. मुलांना शिकवा, हे सांगणे त्या प्रश्नोत्तरांतून येई. उपदेशापूर्वी गावाचे एखादे काम करून दाखविणे आणि उपदेशातही लोकांना बोलते करणे, या दोन गोष्टी शिक्षकाने त्यांच्यापासून घेण्यासारख्या आहेत.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. वस्तीतील मुले केंद्रावर येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी केंद्रच वस्तीच्या अंगणात नेले. त्यातून अंगणवाडीची कल्पना आकारास आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल गुरे सोडून येऊ शकत नाही, तर शिक्षकाने कुरणावर जावे, असा तो विचार होता. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मुली शाळेत येत नसत. त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकाच जागी आणून विकासवाडी उभी करण्यात आली. आईबापांना दोष न देता अडथळा कोठे आहे हे शोधून काढणे, ही त्या कार्याची खरी पद्धती होती.

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. संपूर्ण गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. शिक्षण ही एकेकट्या घराची बाब न राहता गावाच्या मानाची बाब झाली, हे तिचे बळ होते. पुढे पाठपुरावा पुरेसा न झाल्याने अनेक नवसाक्षर पुन्हा अक्षरे विसरले, ही तिची उणीव. उत्साहाच्या दिवशी जमलेली माणसे वर्षभर टिकवावयाची तर त्यासाठी निराळी व्यवस्था लागते.

ऊसतोडणी कामगारांची मुले

सर्वांत अवघड निवड ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत करावी लागते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत कुटुंब बांधलेले असते. शाळेचा निरोप मुकादमामार्फत पाठविणे सोयीचे वाटते, कारण सर्व कुटुंबांना तो ओळखतो. परंतु कुटुंब ज्याचे देणे लागते त्याच माणसाच्या तोंडून निरोप आला, तर तो हुकूम वाटतो. आणि थोरले मूल कोपीवर धाकट्याला सांभाळण्यास किंवा वाढे गोळा करण्यास थांबणे मुकादमाच्या सोयीचे असेल, तर निरोप वाटेतच विरतो. सुप्यात १८७५ मध्ये जे उघड झाले त्याचाच हा दुसरा अनुभव होय. ऋणकोला धनकोच्या तोंडून कळलेली गोष्ट पूर्ण कळत नाही.

म्हणून मुकादमाकडून टोळी कोठे उतरली आहे एवढी माहिती घ्यावी, निरोप मात्र शिक्षकाने स्वतः किंवा त्याच भागातून पूर्वी आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या साहाय्याने द्यावा. वेळ संध्याकाळची, चूल पेटल्यानंतरची असावी. निरोप थोडका असावा. "सर्व संबंधित पालकांस कळविण्यात येते की" अशा आरंभाचा तेथे उपयोग नाही. "मावशी, पोराला उद्यापासून शाळेत धाडा. दाखला आणला नसला तरी चालतो. पुस्तकं शाळेतून मिळतात, दुपारचं जेवण तिथंच आहे. जाताना पुढच्या शाळेसाठी कागद आम्ही देऊ." एवढे सांगितले तर पुरते.

हे आश्वासन कायद्याच्या आधारावर देता येते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची व स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना सामावून घेण्याची जबाबदारीही त्यात सांगितली आहे. पुष्कळ पालकांना ही गोष्ट ठाऊक नसते. कागद नाही म्हणून शाळा नाही, या समजुतीने मूल हंगामभर फडावर राहते, आणि परतल्यावर गावच्या शाळेतही मागे पडते. दोन-तीन हंगाम असे गेले की त्याचे शिक्षण संपते. वेळेवर पोचलेला एक वाक्याचा निरोप ही हानी टाळू शकतो.

जाणाऱ्या मुलांसाठीही तितकीच तत्परता हवी. मेंढपाळांचे वाडे निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, शिक्षकाने त्या घरांना भेट द्यावी. मूल आजीआजोबांजवळ ठेवता येईल काय, नसल्यास वाडा कोणत्या गावांजवळून जाईल, याची विचारपूस करावी. दिवाळीनंतर रिकाम्या बाकाकडे पाहून केलेली चौकशी उशिराची ठरते.

बोलणे दोन्ही बाजूंनी असावे

निरोप म्हणजे केवळ शाळेने सांगणे नव्हे. वरील अधिनियमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल व वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. ही तरतूद कागदावर पुरी करणे कठीण नाही. परंतु वस्तीवरील जी स्त्री समितीत आली आहे ती सभेत एक शब्दही बोलली नाही, तर त्या वस्तीचे म्हणणे शाळेला कळलेच नाही असे समजावे. मुख्याध्यापकाने तिला सभेपूर्वी विषय समजावून सांगावेत आणि सभेत प्रथम तिचे मत विचारावे. थोर मंडळी बोलून गेल्यावर मागाहून कोणी बोलत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

घरात मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्यांसाठी त्याच भाषेचा एखादा पालक किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी दुभाष्या म्हणून घ्यावा. मात्र मुलाच्या तक्रारीचा किंवा घरच्या अडचणीचा विषय असेल तेव्हा मुलाला दुभाष्या करू नये. अशा विषयात त्याच्यावर नको तो भार पडतो व पालकही मोकळेपणाने बोलत नाही.

निरोप पोचला की नाही याची पडताळणी

कोणते साधन उपयोगी पडले, हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक सभेनंतर किती आले यापेक्षा कोणत्या वस्तीवरून आले, हे लिहावे. ज्या वस्तीवरून कोणीच आले नाही तेथे आठवड्याच्या आत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. निरोप मिळाला होता काय? काय समजला? येण्यास अडचण कोणती झाली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर साधन बदलावे. दुसऱ्याचे उत्तर चुकीचे असेल तर भाषा बदलावी. तिसऱ्याचे उत्तर कामाचे असेल तर वेळ बदलावी. एका वर्षात अशा चार नोंदी झाल्या, तरी पुढील जूनमध्ये शिक्षकाला आपल्या गावापुरते कोष्टक तयार मिळते. बदली होऊन नवीन शिक्षक आला, तर ही वही त्याच्या स्वाधीन करावी. तिच्यातील माहिती गावाची असते. ती एका शिक्षकाबरोबर निघून जाऊ नये.

एकट्या शिक्षकाच्या शाळेत हे सर्व एकदम करणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. आरंभी एकच वस्ती घ्यावी. ज्या वस्तीतील मुलांची हजेरी सर्वांत कमी आहे, ती निवडावी. तेथे एका सत्रात दोन भेटी, एक सभा आणि एक पडताळणी, एवढे काम ठरवावे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व ग्रामपंचायत यांची त्याच वस्तीवर ये-जा असते. त्यांच्याशी दिवस जुळवून घेतल्यास श्रम निम्मे होतात. पटावरील प्रत्येक नावामागे एक घर असते, आणि त्या घराकडे जाणारी वाट प्रत्येक वेळी एकच नसते. ती वाट शोधून काढणे हे अध्यापनाहून निराळे काम नसून त्याचाच पहिला भाग होय.